दोन बेडरूमचं घर, पातळ भिंती आणि ताईचं पिस्तूल

औश्याकडून फोन आला की दोन प्रश्न ठरलेले असतात. एक म्हणजे तिकडं पाऊस झाला का (जसं काही मी इथं टेक्सासात सोयाबीनच पेरून बसलेय), आणि दुसरा, तिकडं म्हणं किराणा मालाच्या दुकानात बंदुका मिळतात, खरंय का गं? अगदी किराणा दुकानात नाही, पण वॉलमार्टच्या कितीतरी दुकानांत एका बाजूला दूध-भाजी आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात शिकारीच्या रायफली अन् शॉटगन असतात हे खरंय, पिस्तूल मात्र तिथं विकत नाहीत, त्याला वेगळं बंदुकीचं दुकान. आणि दुकानात गेलं, पैसे टाकले, बंदूक घेऊन आलं असं पण नसतंय, निदान आपल्यासारख्यांसाठी तर अजिबात नाही.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक नांदेडची ताई राहते, नर्स आहे, तिनं परवा पिस्तूल घेतलं आणि ते घ्यायच्या आधी दोन-तीन महिने जे काही चाललं होतं त्यात मी पहिल्यापासून सोबत होते म्हणून हे लिहायलेय. मी स्वतः घेतलेलं नाही आणि मला घेता येणार पण नाही, ते आधीच सांगून टाकते म्हणजे आमच्या घरी उगं काळजी नको.

इथल्या केंद्र सरकारच्या कायद्यानं एच-१बी, एच-४, एफ-१ असल्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक सोडा, नुसतं काडतूस जवळ ठेवलं तरी गुन्हा आहे. शिकारीचं लायसन्स काढलं तर एक सूट मिळते, पण ती वाट वकिलाला विचारल्याशिवाय धरू नये. आता इथं शिकायला आलेली आपली पोरं काय करतात, शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्यानं रायफल घेतात, ठो ठो करतात आणि इन्स्टावर रील टाकतात, गावाकडं सगळे म्हणतात काय भारी. अरे बाबांनो, थोडा वेळ हातात धरणं पण कायद्यात बाळगणंच होऊ शकतं, आणि तुम्ही त्याचा पुरावा स्वतःच्या नावानं जगभर टाकलाय! ज्यांची पोरं इकडं आहेत त्यांनी एवढं तरी फोनवर सांगा.

ताईचं वेगळं, ती नर्स म्हणून थेट ग्रीन कार्डावर आलेली, त्यामुळं तिला चालतंय. दुकानात ४४७३ नंबरचा एक केंद्र सरकारचा फॉर्म भरावा लागतो, त्यात नागरिक आहात का, कुठल्या व्हिसावर आहात, गुन्हा दाखल आहे का, गांजा ओढता का (काही राज्यांत गांजा कायदेशीर आहे तरी केंद्राच्या हिशोबानं नाही), असं सगळं विचारतात, मग दुकानदार तुमचं नाव एफबीआयच्या यंत्रणेत तपासतो, १९९८ पासून ही पद्धत आहे. बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत येतं. टेक्सासात त्यानंतर थांबावं लागत नाही, कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं, न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून परवाना आणावा लागतो. आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा, कलेक्टर हापिसाच्या चकरा, पोलीस चौकशी, आणि एवढं करून परवाना कुणाला मिळतो ते बीडच्या परवान्यांवरून झालेल्या गदारोळात सगळ्यांनी बघितलंच आहे, मी कशाला बोलू.

आता ताईला हे खूळ कुठून लागलं? तर तिचे मिस्टर कन्सल्टिंगमध्ये, सोमवारी विमानानं जाणार अन् गुरुवारी रात्री येणार. घरात ही, पहिलीतलं पोरगं, आणि सहा महिन्यांसाठी नांदेडहून आलेल्या सासूबाई. मागच्या दिवाळीत आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये एका तेलुगू कुटुंबाचं घर फुटलं, गेलं सगळं सोनं. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतंय हे इथल्या चोरांना पक्कं माहिती झालंय, २०११ ते २०१४ च्या दरम्यान एक टोळी तर खास भारतीय आणि आशियाई कुटुंबं हेरून घरात माणसं असताना घुसायची, जॉर्जियापासून मिशिगन, टेक्सासपर्यंत, नंतर धरले त्यांना. अशा गोष्टी रात्री एकटीनं वाचल्या की झोप येत नाही, त्यात ताईची कधी दिवसपाळी कधी रातपाळी.

मग काय, सल्ला द्यायला सगळेच. तिच्या हॉस्पिटलातला टेक्सन वॉर्डबॉय म्हणाला शॉटगन घे. देसी ग्रुपमधले एक दादा म्हणाले एआर-१५ रायफल घ्या वहिनी, एकदाच काय ते. दुकानदारानं तर बाईमाणूस बघून पहिल्या झटक्यात एक गुलाबी मुठीची चिमुकली रिव्हॉल्वर पुढं केली. आणि यातल्या एकानंही तिला तुझं घर कसंय, भिंतीपलीकडं कोण राहतं, असं विचारलं नाही.

खरा मुद्दा तिथंच आहे. इथली अपार्टमेंटं म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्याच्या दोन्ही अंगाला अर्धा इंच जाडीचा जिप्समचा पत्रा, त्याला शीटरॉक म्हणतात, आणि मधी नुसती पोकळी. पापडच म्हणा ना. खिळा ठोकायला गेलं तर हातोडी आत जाती. ताईच्या बेडरूमच्या भिंतीला लागून एक म्हातारं जोडपं राहतं, त्यातल्या आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन रात्रभर चालू असतं, घुर्र घुर्र, आणि तो आवाज ताईला उशीवर डोकं टेकलं की स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे त्या आजोबांचं डोकं अन् ताईचं डोकं यात हातभर सुद्धा अंतर नाही, आणि मधी काय तर पापड.

आपल्याकडं माळवदाची घरं होती तेव्हा दगडमातीची दोन-दोन हात जाड भिंत, गावच्या गढीला तर बंदुकीची नळी बाहेर काढायला जंग्या ठेवलेल्या, आज्जा रझाकाराच्या वेळच्या गोष्टी सांगायचे त्यात गोळी भिंतीत शिरून तिथंच राहायची. (त्याच जाड भिंतींनी ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीत काय केलं ते आमच्या तालुक्यात कुणाला सांगायला नको, त्यामुळं जाड भिंतीचं कौतुक पण मी बेतानंच करते.) सांगायचं काय तर बंदुकीबद्दलचं आपलं सगळं डोकं जाड भिंतीच्या हिशोबानं चालतं, आणि इथं भिंतच नाही.

साधी नऊ एमएमची गोळी असल्या एका भिंतीतून नाही, ओळीनं तीन-चार भिंतींतून आरपार जाऊ शकते. सरावाची जी गोळी असते, पूर्ण तांब्याच्या कवचाची, ती तर थांबायचं नावच घेत नाही. म्हणून घरासाठी हॉलो पॉइंट वापरतात, टोकाला पोकळी असलेली, ती अंगात शिरली की फुलते आणि पलीकडं जायचा जोर कमी होतो. फुलणाऱ्या गोळीचं सगळ्यात गाजलेलं नाव आपल्याच देशातलं आहे, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी १८९० च्या दशकात केली, दमदम बुलेट म्हणतात ती, आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात वापरायला बंदी घातली. युद्धात बंदी, पण इथं पोलीस अन् घरोघरची माणसं तसलीच फुलणारी गोळी वापरतात, कारण मागच्या माणसाला लागू नये. मात्र चुकून ती आधी शीटरॉकमध्ये घुसली तर जिप्समचा भुगा त्या पोकळीत भरतो आणि मग ती फुलतच नाही, साध्या गोळीसारखी पुढं पुढं जाते. म्हणजे नेम चुकला की हॉलो पॉइंटचा पण काही उपयोग नाही.

शॉटगनबद्दल आपल्याकडं पण आणि इकडं पण एक समज आहे की नेम धरायची गरज नाही, छर्रे पसरतात, खोलीतला सगळा माल साफ. बारा बोरची दुनाळी गावात एखाद-दुसऱ्याकडं असायची, रोही अन् रानडुकरं हाकलायला, तिच्यामुळं हा समज असावा. प्रत्यक्षात घराच्या आतल्या अंतरावर, पंधरा-वीस फुटांवर, बकशॉटचे आठ-नऊ मोठे छर्रे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत पसरतात, म्हणजे नेम धरावाच लागतो, आणि चुकला तर आठ-नऊ गोळ्या शेजाऱ्याकडं. वरून धक्का असा की ताईच्या मिस्टरांचाच खांदा दुखला. आणि लांबी! कायद्यानं शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा आखूड चालत नाही, रायफलची १६ पेक्षा, मूळ कायदा १९३४ चा आहे, आखूड पाहिजे तर सरकारदरबारी वेगळी नोंदणी. म्हणजे दस्ता धरून शॉटगन तीन फुटांच्या वर गेली. ताईच्या घरातला पॅसेज एवढा अरुंद की कपड्यांची टोपली घेऊन दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. कोपऱ्यावर वळताना आधी नळी पुढं जाणार, मागून माणूस, पलीकडच्यानं नळी धरून ओढली की संपलं.

एआर-१५ चं गणित मला आधी पटलंच नव्हतं. एवढी मोठी रायफल म्हणजे भिंती जास्त फोडणार असं कुणालाही वाटेल, पण त्यातली हलकी, वेगवान, फुटणारी गोळी भिंतीला लागली की गडबडते, तुटते, आणि बऱ्याचदा पिस्तुलाच्या गोळीपेक्षा लवकर दमते. याचा अर्थ ती भिंतीत थांबते असा नाही, जातीच, फक्त पलीकडं जाताना तिची ताकद लवकर उतरते, आणि ते सुद्धा गोळी कुठली निवडली त्यावर. खांद्याला टेकवलेली असल्यानं नेम पण चांगला बसतो. जाणकार लोक घरासाठी रायफल सुचवतात ते याच्यामुळं, उगं हौस म्हणून नाही. पण ताईचा एक प्रश्न होता आणि त्याच्यावर सगळी गाडी अडली: पोरगं समोरच्या खोलीत झोपतं, त्याला उचलून आणायचं तर एक हात मोकळा पाहिजे, दुसऱ्या हातानं फोन नाहीतर दार, मग रायफल कशानं धरू? त्या ग्रुपमधल्या दादांकडं याचं उत्तर नव्हतं, ते आपले गोळ्यांचा वेग सांगत राहिले.

म्हणून शेवटी पिस्तूल. त्यात पण गुलाबी रिव्हॉल्वरचं एक सांगण्यासारखं आहे. बायकांना छोटी हलकी बंदूक बरी असं दुकानदाराला वाटतं, पण बंदूक जेवढी हलकी तेवढा धक्का हाताला जास्त, आणि रिव्हॉल्वरचा ट्रिगर असा जड की दाबता दाबता नेम हलतो, आत गोळ्या पाचच. रेंजवर ताईनं ती चालवली तेव्हा मी काचेच्या मागं उभी होते (माझा एच-४, मी लॉबीतच, कॉफी घेऊन). सात यार्डावर कागद लावलेला, म्हणजे एकवीस फूट, तिच्या बेडरूमपासून मेन दारापर्यंत टेप लावून मोजलं तर जवळपास तेवढंच भरतं. पहिल्या बारानंतर ती मागं वळली, हात झटकला, आणि काचेतून मला जे तोंड करून दाखवलं ते बघून मला हसूच आवरेना. मग तिनं नऊ एमएमचं मधल्या आकाराचं ग्लॉक १९ घेतलं हातात, वजन थोडं जास्त, मूठ पूर्ण हातात बसते, आणि कागदावरची भोकं हळूहळू एका जागी यायला लागली. .४५ बोरच्या पिस्तुलाचा पण प्रयत्न झाला, मोठी गोळी म्हणून, पण धक्का सावरून दुसरी गोळी मारायला वेळ जायचा. ज्यांच्या बोटात तेवढा जोर नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागं ओढता येत नाही, त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी नावाचं एक हलक्या स्लाइडचं पिस्तूल येतं, सासूबाईंच्या वयाच्या बायका ते घेताना आम्ही तिथंच बघितल्या.

सासूबाईंचं सांगायचं राहिलंच. सगळ्यात कामाची गोष्ट त्याच बोलल्या. त्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपायच्या, आणि एवढी चर्चा ऐकून ऐकून एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आगं बाई, मी रात्रीतून चारदा उठते, पाणी प्यायला, बाथरूमला. ह्या घरात रात्री हिंडणारी मीच हाय. पहिली मलाच हानतीस की तू!" ताई म्हणाली, "आत्याबाई, काहीतरीच काय बोलू लालात," पण त्यानंतर ती दोन दिवस गप्प होती. मावशींचं (सासूबाईंना मी मावशीच म्हणते) बरोबरच होतं की. अंधारात हलणारी सावली बहुतेक वेळा घरातलीच असती.

तर झालं काय, पिस्तूल घरात यायच्या आधी घरातलं सामान हललं. मावशींचा पलंग हॉलमधून नातवाच्या खोलीत गेला. पॅसेजमध्ये रात्रभर जळणारा छोटा दिवा आला. आणि ताईनं स्वतःचा पलंग फिरवला, कारण आधीच्या जागेवरून दाराकडं नेम धरला तर तिरप्या रेषेत त्या ऑक्सिजनवाल्या आजोबांची खोली यायची. आता पलंग पलीकडच्या कोपऱ्यात, तिथून दाराकडं बघितलं तर मागं बिल्डिंगची बाहेरची, विटांची भिंत येते. विटा पण इथं नुसत्या बाहेरून चिकटवलेल्या एका थराच्या, पण निदान तिकडं कुणी झोपलेलं नसतं. ताईला शिकवणाऱ्या मास्तरनं सगळ्यात जास्त वेळ यावरच घेतला होता. बंदूक कायम भरलेलीच समजा, जे उडवायचं नाही त्याच्याकडं नळी करू नका, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नको, हे तीन नियम पाठ करून घेतले आणि चौथा, निशाणा कोण आहे आणि त्याच्या मागं काय आहे ते ओळखा, यासाठी तिला घरी जाऊन नकाशा काढून आणायला लावला. वहीच्या पानावर पेननं काढलेला तो नकाशा अजून तिच्या फ्रिजवर आहे, पोरानं त्यात मांजर काढलंय.

बेतही तिथंच ठरला. घर धुंडाळत फिरायचं नाही. मावशींनी अन् पोरानं हाक ऐकली की ताईच्या खोलीत यायचं, पोरगं उठलं नाही तर ताईनं जाऊन उचलायचं, दार लावायचं, ९११ ला फोन, मोठ्यानं ओरडून सांगायचं पोलीस येतायत आणि माझ्याकडं बंदूक आहे, आणि कोपऱ्यात बसून राहायचं. टीव्ही न्यायचा तर नेऊ दे. बंदुकीवर लावलेल्या टॉर्चनं इकडंतिकडं बघायचं नाही, कारण टॉर्च जिकडं तिकडं नळी, त्यासाठी हातातली वेगळी टॉर्च. टेक्सासात आपल्याच घरात घुसलेल्या माणसापुढं मागं हटायची कायद्यानं सक्ती नाही, तरी प्रत्येक गोळीचा हिशोब तुम्हालाच द्यावा लागतो, आणि भिंतीपलीकडं गेलेल्या गोळीचा तर कोर्टात जन्मभर. आवाजाचं पण कुणी सांगत नाही. बंद खोलीत पिस्तुलाचा बार १४० डेसिबलच्या कितीतरी वर जातो, कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि त्या खोलीत सहा वर्षांचं लेकरू असणार.

घरमालकाची परवानगी लागते का असं एकीनं विचारलं होतं. टेक्सासात २०१९ पासून भाड्याच्या करारात कायदेशीर बंदुकीला मनाई घालता येत नाही, दुसऱ्या राज्यांत करार वाचावा लागेल.

तिजोरीवर मात्र ताईनं पिस्तुलाइतकाच विचार केला. टेक्सासात सतरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती त्याच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे. बोटाच्या ठशावर उघडणारी तिनं नको म्हणलं, नर्सचे हात दिवसभर सॅनिटायझरनं सोललेले, ठसा लागतच नाही, कणकेच्या हातानं तर विचारूच नका. चार बटणांची घेतली, अंधारात बोटांनी चाचपून उघडते, कपाटातल्या फळीला आतून स्क्रूनं पक्की केली. आकडा फक्त तिला अन् मिस्टरांना माहीत.

मी तिला अजून एक बोलले होते आणि ते बोलणं मला जड गेलं. इथं २०२१ साली बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं गेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. चोर-दरोडेखोर नाही, घरातलीच बंदूक, घरातलंच माणूस. आपण मराठवाड्याची माणसं, कापसावर मारायच्या औषधाचा डबा हाताशी असल्यानं कितीजण गेले ते आपण बघितलंय, एक वाईट तास टळला असता तर माणूस राहिला असता असं कितीदा म्हणलंय. घरात कुणाचं मन ठीक नसेल, तर ती बंदूक तेवढे दिवस घराबाहेर, एखाद्या भरवशाच्या माणसाकडं कायदेशीर ठेवायची, हे आम्ही दोघींनी स्पष्ट बोलून ठेवलंय. ताई नर्स आहे, तिला मला जास्त सांगावं लागलं नाही.

आता आमच्यासारखे व्हिसावाले काय करतात? आमच्या ह्यांनी मेन दाराच्या चौकटीतली पट्टी काढली तर आत पाऊण इंचाचे स्क्रू, लाथेनं निघतील असे. ते काढून तीन इंची घातले, सांगाड्याच्या लाकडापर्यंत जाणारे, चार-पाच डॉलरचं काम. दाराच्या मुठीखाली लावायचा लोखंडी दांडा आणला, बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खोबणीत झाडूचा दांडा कापून बसवला. पेपर स्प्रेचा छोटा डबा टेक्सासात चालतो, तो उशाशी. सोनं बँकेच्या लॉकरात, दिवाळीला एक मंगळसूत्र सोडून काही घालत नाही. हे सगळं ताईनं पण करून घेतलंच, पिस्तूल आहे म्हणून दार उघडं टाकलं असं नाही.

आता तिचे मिस्टर म्हणायलेत की पिस्तूल तुझं झालं, मला एक रायफल घेऊ. मावशी म्हणाल्या, घे की, ठेवतोस कुठं ते आधी दाखव. दोन आठवडे झाले, त्यांनी अजून जागा दाखवलेली नाही.